तळ्यातला शेजारी: कॉटनमाउथ, कोंबड्या आणि आम्ही (पूर्व टेक्सास)

तळ्याकाठी | १० ऑगस्ट २०२४, सकाळी ८:१२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, काल नागपंचमीला जे झालं त्यानंतर मात्र राहवेना म्हणून धागाच काढतेय. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आधी ओळख. मी मूळची दापोलीकडची. ह्यूस्टनच्या एका सबर्बात अकरा वर्षं काढली, मग कोविडनंतर नवऱ्याचं ऑफिस कायमचं घरून झालं आणि आम्ही इकडे पूर्व टेक्सासात नॅकडोचेसच्या बाहेर नऊ एकर जागा घेतली. पाइनची झाडं, दमट हवा आणि लाल माती. खरं सांगायचं तर ती माती बघूनच मी हो म्हणाले, नवरा अजून चिडवतो की बुटाला लागलेल्या चिखलावरून घर पसंत करणारी तू एकटीच. १६ कोंबड्या, चार बदकं, पाच गिनी फाउल (गोचिडी खातात म्हणून घेतल्या, पण ओरडतात एवढ्या की गोचिडी परवडल्या), दोन शेळ्या आणि मोती नावाचा कुत्रा असा संसार आहे. आणि उताराला एक तळं. इकडे गुरांसाठी बांध घालून केलेल्या तळ्याला 'टँक' म्हणतात. जागा दाखवणारी बाई पहिल्या दिवशी म्हणाली मागे छान टँक आहे, तर मी मान वर करून छपरावर सिंटेक्स शोधत होते.

तर ह्या तळ्यात एक साप राहतो. एक म्हणजे निदान एक, बाकीच्यांची मोजदाद नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला रोज बघायचे. बांधाच्या टोकाला पाण्यात पडलेला एक ओंडका आहे त्यावर जाड काळपट वेटोळं. लहानपणी विहिरीवर, वहाळात दिवड एवढे बघितलेत की माझ्या डोक्यात पाण्यातला साप म्हणजे दिवड, चावला तरी डेटॉल लावायचं आणि पुढे जायचं. मी त्याच्यापासून तीन फुटांवर खुशाल बादल्या भरत होते. एकदा कुंपणापलीकडून शेजारच्या आजोबांनी (वय ७८, जन्म इथलाच) हाक मारली आणि म्हणाले, हळूच मागे ये, पळू नकोस. त्याच वेळी त्या सापानं डोकं मागे टाकून जबडा उघडला. आतून पांढरं. म्हणजे कापूस पिंजून ठेवावा तसं पांढरंशुभ्र! कॉटनमाउथ नाव का पडलं ते मला त्या दिवशी कुणी सांगावं लागलं नाही.

हा घोणशीच्या कुळातला, पण पिट व्हायपर. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो त्यानं त्याला समोरच्या अंगाची ऊब कळते, म्हणजे अंधारात आपण त्याला दिसत नाही असं काही नाही. मासे, बेडूक, उंदीर, दुसरे साप, मेलेलं काहीही, सगळं खातो. विषानं मांस सडतं, रक्त गोठण्याचं तंत्र बिघडतं. अंडी घालत नाही, सरळ पिल्लं देतो, साधारण ह्याच दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबर. पिल्लं दिसायला अगदी वेगळी, तपकिरी पट्ट्यांची, शेपटीचं टोक पिवळं. ते टोक अळीसारखं वळवळवून बेडकाला जवळ बोलवतात.

आता कालचं. आई सहा महिन्यांसाठी आलीय. नागपंचमीला तिनं पाटावर चंदनानं नाग काढले, दूध-लाह्या ठेवल्या, पुरणाची दिंडं केली आणि सकाळीच जाहीर केलं की आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही आणि खणायचं नाही. नवऱ्यानं नेमकं कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे काढायचं मशीन दिवसाच्या भाड्यानं आणलं होतं. ते दिवसभर दारात उभं. तो काही बोलला नाही पण दर तासाला खिडकीतून मशीनकडे बघत होता.

संध्याकाळी आई भेंडीच्या वाफ्याकडे गेली आणि तिथूनच शांतपणे म्हणाली, "इकडे या, पण सावकाश." हरणं खातात म्हणून वाफ्यावर प्लास्टिकची जाळी घातली होती, ती हिरवी, काळी, दहा डॉलरला मिळते ती. तिची एक कड जमिनीवर सैल पडली होती आणि त्यात तो, तीन-साडेतीन फूट, मधोमध अडकलेला. जेवढा पुढे जायचा तेवढी जाळी खवल्यांत घुसत होती. नवरा फावडं घेऊन आला. आई त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आज मारणार तुम्ही?"

त्यानं फावडं खाली ठेवलं. इकडे साप हलवणाऱ्या स्वयंसेवकांचे फेसबुकवर ग्रुप आहेत, तिथे विचारलं तर पन्नास मिनिटांत कॉलेजमधला एक मुलगा आला. आकडा, लांब कात्री आणि एक पारदर्शक प्लास्टिकची नळी. सापाचं तोंड नळीत सरकवलं, तो आपणहून आत शिरला तसा अर्धं अंग नळीत असताना मागून धरला आणि जाळीचे एकेक फास कापले. मी मोजले, नऊ. मग सोडला कुठे तर बांधाच्या पलीकडच्या अंगाला, तळ्यातच. नवऱ्यानं विचारलं लांब कुठे सोडता येणार नाही का, तर म्हणाला लांब नेऊन सोडलेला साप दिशाहीन फिरतो आणि बहुतेक मरतो, आणि तळं आहे तिथे दुसरा येणारच.

आई रात्री म्हणाली, "दिवडाचं तोंड कसं भाबडं असतं. ह्याच्या कपाळालाच आठी आहे." खरंच डोळ्यांवर खवल्याची कड असते त्यामुळे तो कायम रागावलेला वाटतो.

प्रश्न असे की जाळीऐवजी काय वापरता, आणि आणखी कुणी असं पाण्यातल्या विषारी सापाच्या शेजारी राहतंय का? गावाकडच्यांनीही लिहा.

कुडाळचो_झील | १० ऑगस्ट, सायं. ७:४०

अगो बाय, वाचून अंगार काटो इलो. तुझी आवस धीराची हां. बाकीचं मराठीत लिहितो नाहीतर इथले पुणेकर भाषांतर मागतील.

आमच्याकडे गोड्या पाण्यातला विषारी म्हणावा असा साप नाही. दिवड, म्हणजेच विरोळा, रागीट आहे, पकडला तर रक्त काढेल, पण विष नाही. चढणीचे मासे धरायला पहिल्या पावसात शेतात उतरलात तर तुमच्या आधी तो तिथे हजर. खाडीत, खाजणात कुत्र्यासारख्या तोंडाचा एक पाणसाप असतो, चिखलात पडून राहतो, त्याला सौम्य विष आहे पण माणसाला त्यातून काही होत नाही.

खरा विषारी म्हणजे समुद्रसाप. मालवणला रापण ओढली की माशांबरोबर येतात, ट्रॉलरच्या जाळ्यात तर येतातच. शेपूट वल्ह्यासारखी चपटी, ती बघितली की कळतं. बरेच जुने लोक त्यांना बिनविषारीच समजतात कारण चावत नाहीत सहसा. शेपटीला धरतात आणि भिरकावतात पाण्यात. माझा काका वर्षानुवर्षं असाच करत आला. मी लहान असताना एकदा मासे निवडताना हात घातला आणि गारगार लिबलिबीत लागलं, बांगडा समजून उचलला तर हा! काका म्हणाला टाक. टाकला. एवढंच. आता शहाणा झालो, फावड्यानं नाहीतर टोपलीनं उचलतो.

जाळ्याचं तू लिहिलंस ते अगदी पटलं. पाग वाळत घातला की त्यात दिवड अडकणार, हे ठरलेलं. नायलॉन आल्यापासून जास्त, आधीचं सुताचं जाळं तो फाडायचा तरी.

सदूभाऊ | १० ऑगस्ट, रात्री ९:०५

लेख छान पण मला एक कळत नाही. घरात म्हातारं माणूस, कुत्रं, उद्या नातवंडं येतील. विषारी साप अंगणात आहे हे माहीत असून त्याला परत तळ्यात सोडायचा? भूतदया ठीक आहे, पण टेक्सासात घरटी बंदूक आहे म्हणतात, एक गोळी आणि विषय संपला. गावाकडे आमचे आजोबा काठीनं मारायचे, दूध पाजत नव्हते बसले.

तळ्याकाठी | १० ऑगस्ट, रात्री ११:५० (भारतातली वेळ दिसतेय वाटतं, माझी दुपार आहे)

सदूभाऊ, राग नाही. नवरा पण आधी हेच म्हणत होता. पण शेजारचे आजोबा, ज्यांच्या घरी खरंच सहा बंदुका आहेत, त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की तळ्यातल्या सापावर गोळी झाडू नका, तिरकी गोळी पाण्यावरून दगडासारखी उडते आणि कुठे जाईल सांगता येत नाही. पलीकडे दुसऱ्याची गुरं.

आणि मारायला गेल्यावरच जास्त चावे होतात. २०१८ साली इथे टेक्सासातच एका माणसानं रॅटलस्नेकचं डोकं उडवलं आणि ते उचलायला गेला, तर तुटलेलं डोकं चावलं. २६ डोस लागले त्याला अँटिव्हेनमचे (सापाच्या विषावरच्या लसीचे). बातम्यांत खूप गाजलं होतं. डोकं तुटल्यावरही चावण्याची क्रिया बराच वेळ शाबूत राहते.

फ्लोरिडाची_मावशी | ११ ऑगस्ट, सकाळी ६:३०

आमच्याकडे गल्लीगल्लीत तळं आणि तळ्यातळ्यात हे. वीस वर्षं झाली, त्यामुळे थोडं अनुभवाचं.

ओळखायची माझी खूण म्हणजे पोहणं. कॉटनमाउथ पाण्यावर अख्खा तरंगतो, रिकामी बाटली तरंगते ना तसा, पाठ पूर्ण वर. साधे पाणसाप पोहताना बहुतेक डोकंच वर असतं, अंग पाण्याखाली. दुसरं म्हणजे पाण्यावर वाकलेल्या फांदीवर उंच बसलेला दिसला तर तो जवळपास नक्की साधा पाणसाप. कॉटनमाउथ सहसा खालीच, काठावर नाहीतर ओंडक्यावर. डोक्याचा त्रिकोण वगैरे यूट्यूबवर सांगतात ते विसरा, साधे पाणसाप घाबरले की डोकं चपटं करून त्रिकोणी करतातच. आणि डोळ्यांतली बाहुली उभी की गोल हे बघायला जाल तर बघण्याइतके जवळ गेलात हीच चूक.

"मागे लागतो" ह्या गोष्टी इथे प्रत्येकाच्या तोंडी. माझ्या पण एकदा लागला होता! मी काठावर उभी, तो पाण्यातून सरळ माझ्याकडे. मी किंचाळून बाजूला झाले तर तो माझ्या मागच्या बिळात गेला. त्याची घरी जायची वाट माझ्या पायाखालून होती बिचाऱ्याची.

तळ्याकाठी | ११ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मावशी हा हा, बिचाऱ्याची! पण ह्यावर खरंच प्रयोग झालाय. व्हिटफील्ड गिबन्स आणि मायकेल डॉर्कस ह्या दोघांनी २००२ मध्ये पेपर लिहिला. साउथ कॅरोलिनाच्या दलदलीत जाऊन रानातल्या कॉटनमाउथांच्या शेजारी उभे राहिले, बूट घालून वर पाय दिला, आणि शेवटी खोट्या हाताच्या चिमट्यानं त्यांना उचललं. उचललेल्या ३६ पैकी चावले फक्त १३. बाकीच्यांनी जबडा दाखवला, शेपूट थडथडवली, घाण वास सोडला, नाहीतर पळ काढला. मला कुणी असं कमरेत धरून उचललं तर मी ३६ पैकी ३६ वेळा चावेन.

गावठी_डॉक्टर | ११ ऑगस्ट, दुपारी २:२०

रायगड जिल्ह्यात लहान दवाखाना आहे, पावसाळ्यात आठवड्याला एक तरी सर्पदंश येतो, त्यामुळे दोन शब्द.

सदूभाऊंची भीती खोटी नाही हे आधी सांगतो. अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात, मरतात साधारण पाच. आपल्याकडे २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजार. साप तिकडचे गरीब आणि इकडचे क्रूर असं काही नाही, फरक आहे तो बुटांचा, रस्त्याचा, अँब्युलन्सचा आणि दवाखान्याआधी मांत्रिकाकडे जाण्याचा. त्यामुळे टेक्सासातल्या बाईंनी जे करावं तेच अनवाणी भात कापणाऱ्या माणसाला सांगताना माझी जीभ अडखळते. त्याला आधी गमबूट द्या.

चावल्यावर काय करायचं नाही ते आधी: चिरा मारायचा नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, करकचून दोरी बांधायची नाही. दोरीनं विष एका जागी कोंडलं जाऊन हात-पाय जायची पाळी येते, मी बघितलंय. अंगठी, बांगडी, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. तो अवयव फार हलवू नका, सुजेची कड पेनानं आखून वेळ लिहा आणि गाडी काढा. साप मारून आणू नका, ओळख पटवायची तर लांबून फोटो पुरे.

कुडाळच्या भाऊंना: आपल्याकडची लस चार सापांवर आहे, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. समुद्रसापावर ती चालत नाही. समुद्रसापाचा दंश फारसा दुखतही नाही, काही वेळानं अंग, मांड्या, मान दुखायला लागतात, लघवी काळपट होते. "मुंगी चावली असेल" म्हणून होडीवर बसून राहू नये. काकांना सांगा.

कुडाळचो_झील | ११ ऑगस्ट, दुपारी ३:०१

सांगतंय डॉक्टर. पण काको म्हणतलो, "माका चाळीस वर्षां काय झाला नाय." वाचून दाखवतंय.

किलबिल_कोथरूड | ११ ऑगस्ट, दुपारी ४:३३

मला सापांची इतकी भीती आहे की हा धागा मी पाय खुर्चीवर घेऊन वाचतेय. तळ्याभोवती गंधक टाकलं तर? किंवा डांबराच्या गोळ्या? आमच्या सोसायटीत पावसाळ्यात माळीकाका कसली तरी पांढरी पावडर टाकतात आणि साप येत नाही.

फ्लोरिडाची_मावशी | ११ ऑगस्ट, सायं. ५:१०

किलबिल, गंधकावरून साप निवांत जातो. डांबराच्या गोळ्यांनी साप जात नाही, पण कोंबडी, बदक, पोर ह्यांच्या पोटात गेली तर विषबाधा होते, शिवाय पाण्यात विरघळून मासे. कोथरूडात साप येत नाही कारण तिथे त्याला पार्किंग मिळत नाही.

निवृत्त_मास्तर | ११ ऑगस्ट, रात्री ८:४५

मारून संपवण्याबद्दल एक आठवलं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ब्रिटिशांच्या काळात सरकारनं फुरशांवर इनाम लावलं होतं, मेलेलं फुरसं आणा आणि पैसे न्या. वर्षाला दोन लाखांच्या वर फुरशी जमा व्हायची अशी जुनी नोंद आहे, आणि ती एक वर्ष नव्हे, सहा वर्षांची सरासरी. एका जिल्ह्यात! तरी आजही देवगडच्या कातळावर रात्री बॅटरीशिवाय चालून दाखवा.

आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव ह्या धाग्यात यायलाच हवं. विंचूदंशावरचं त्यांचं प्राझोसिन ह्या औषधाचं काम जगभर गेलं, सर्पदंशावरही आयुष्य घातलं त्यांनी, २०२२ ला पद्मश्री मिळाली. एवढं काम महाडसारख्या गावात बसून केलं.

सदूभाऊ | ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

बरं, मारू नका. पण मग करायचं काय ते तरी नीट सांगा. "सहजीवन" वगैरे शब्द ऐकायला गोड आहेत, रोज सकाळी अंडी काढायला कोण जातं? त्या बाई जातात. मला काळजी वाटली म्हणून लिहिलं, उगाच क्रूर ठरवू नका.

तळ्याकाठी | १२ ऑगस्ट, सकाळी ९:२०

सदूभाऊ, ही पोस्ट खास तुमच्यासाठी. आणि क्रूर कुणीच म्हणालं नाही हो.

रोज काय करते ते सांगते. न बघता हात घालायचा नाही, कुठेच. बादली उचलताना आधी पायानं कलती करायची, ताडपत्री दाताळ्यानं ओढायची, लाकडं जमिनीवर न रचता फुटभर उंच मांडवावर. अंडी काढायला दिवसासुद्धा बॅटरी. तशी खुराड्यात येणारा बहुतेक रॅट स्नेक असतो, म्हणजे आपली धामण समजा, अंडी गिळून गोल गोल होऊन तिथेच झोपतो, पण पहिल्या सेकंदाला हृदयाला ते कळत नाही. खुराड्याला आता अर्ध्या इंचाची जाड लोखंडी जाळी मारलीय, इथे हार्डवेअर क्लॉथ म्हणतात, क्लॉथ कसलं, हात कापतात.

तळ्याकडे जाणारी वाट सहा फूट रुंद कापून ठेवतो, म्हणजे त्याला मी दिसते आणि मला तो. काठावर गवत वाढू देतो पण एका बाजूलाच, ती बाजू त्याची. अळू लावायचा मोह मी कुंडीतच भागवते, काठावर लावलं असतं तर त्याला छप्पर झालं असतं आणि इथल्या ओढ्यांमध्ये रानटी अळू पसरून आधीच डोकेदुखी झालीय. नवरा मासे पकडतो तेव्हा पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात सोडायचा, इथे सगळे तसंच करतात. एकदा दोरी ओढली तर दुसऱ्या टोकाला कॉटनमाउथ मासा गिळत होता, अर्धा आत अर्धा बाहेर, आणि सोडायला तयार नाही! त्या दिवसापासून बर्फाची पेटी.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे तो कायम पाण्यात नसतो. थंडीत तळं सोडून वर चढतो, उताराला कुजलेले बुंधे, बिळं आहेत त्यात जाऊन राहतो. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मग मार्चमध्ये त्याची ये-जा असते आणि ती वाट नेमकी आमच्या शेळ्यांच्या गोठ्यावरून. पहिली दोन वर्षं मी उन्हाळाभर तळ्याकडे डोळ्यात तेल घालून बघायचे आणि हिवाळा आला की चपला घालून गोठ्यात. उलटं करायला हवं होतं. आणि दुष्काळात, २०२३ च्या उन्हाळ्यात तळं आटून निम्मं झालं तेव्हा उरलेल्या डबक्यात मासे दाटले आणि त्यावर एका वेळी पाच साप. तो महिना आम्ही कुणीच खाली गेलो नाही, बदकांनाही वरच कोंडलं.

मोतीचं राहिलं. तो गेल्या वर्षी मे महिन्यात चावून घेऊन आला. कुत्रं म्हणजे नाकानं वास घेणार, त्यामुळे चावा नाकाडावर. पंधरा मिनिटांत तोंड फुटबॉलएवढं. गुरांचा डॉक्टर चाळीस मिनिटांवर, नवरा गाडी चालवतोय आणि मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन रामरक्षा म्हणतेय. अँटिव्हेनमची एक कुपी, दोन रात्री सलाइन, बिल चार आकडी डॉलरांत. वाचला. नाकावर रुपयाएवढा डाग राहिलाय, तिथे केस येत नाहीत. त्या रात्री सापाबद्दल माझ्या मनात जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सदूभाऊ, त्या रात्री तुम्ही आला असतात तर मी गोळ्या भरून दिल्या असत्या.

सदूभाऊ | १२ ऑगस्ट, सकाळी १०:०५

हे वाचून बरं वाटलं. मोतीला एक बिस्किट माझ्याकडून.

अजून_एक_आयडी | १२ ऑगस्ट, दुपारी १२:४८

जाळीच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, धागा नेहमीप्रमाणे भलतीकडे. मी नाशिकला द्राक्षबागेवर पक्ष्यांसाठी जाळी लावतो. नियम एकच, जाळी जमिनीला टेकवायची नाही आणि सैल ठेवायची नाही. खाली फूटभर मोकळं सोडून ताणून बांधायची. पिकावरून काढलेली जाळी रानात टाकून द्यायची नाही, आमच्याकडे बांधावर टाकलेल्या जुन्या जाळीत धामणी मेलेल्या सापडतात, मग उंदीर वाढले म्हणून बोंबलतो आम्हीच. तुमच्याकडे हरणं आहेत तर जाळी सोडा, लोखंडी वेल्डमेशचं उंच कुंपण करा, एकदाच खर्च.

तळ्याकाठी | १२ ऑगस्ट, रात्री ८:५५

धन्यवाद अजून_एक_आयडी, वेल्डमेशच आणतोय. सगळी प्लास्टिक जाळी काढून गुंडाळून कचऱ्यात दिली. काढताना तिच्यात आणखी एक लहान हिरवा गवत्या साप मिळाला, वाळून काडी झालेला. कधीपासून होता कोण जाणे, मी रोज त्याच्या वरून भेंड्या तोडत होते.

खड्डे काढायचं मशीन नवऱ्यानं आज परत भाड्यानं आणलं. आईला विचारून.

आणि हो, आज सकाळी तो ओंडक्यावर होता. पाठीवर जाळीच्या खुणा दिसतात, दुर्बिणीतून बघितल्या. आई रोज सकाळी चहा घेऊन मागच्या व्हरांड्यात बसते आणि मला विचारते, "आलाय का ग तुमचा काळ्या?" पायात माझे गमबूट. साडीवर.

किलबिल_कोथरूड | १३ ऑगस्ट, सकाळी ११:१५

पाय अजून खुर्चीवरच आहेत पण धागा पूर्ण वाचला. काकूंना नमस्कार. एक विचारू का, दिंडं वाफवताना फुटू नयेत म्हणून कणीक कशी भिजवतात त्या? माझी ह्या वेळी सगळी उकलली.

तळ्याकाठी | १३ ऑगस्ट, सायं. ६:४०

आईला विचारलं. कणीक घट्ट, तेलाचं मोहन थोडंच, लाटी पातळ लाटायची नाही आणि चौकोनी दुमडल्यावर कड पाण्याच्या बोटानं दाबून घ्यायची. चाळणीला तूप किंवा हळदीचं पान. हळदीची पानं इथे मिळत नाहीत म्हणून तिनं कुंडीतल्या अळूचं पान घेतलं होतं, मला म्हणाली कुणाला सांगू नकोस.